शिशाचा घोडेस्वार आणि त्याला रंगवणारे हात



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला म्हणजे तो महागाईभत्ता, बोनस किंवा कंत्राटी पद्धत यांवरच बोलणार, असे श्रोते धरून चालतात. त्यात त्यांची काही चूक नाही. आज मात्र मी आपल्यापुढे एक खेळणे ठेवणार आहे. हे खेळणे म्हणजे दोन बोटे उंचीचा, शिशाचा किंवा कथलाचा ओतीव घोडेस्वार. त्याच्या अंगावर नेपोलियनच्या काळचा पोशाख आहे, हाती तलवार आहे आणि त्याच्या घोड्याचे पुढचे दोन्ही पाय उचललेले आहेत. युरोप-अमेरिकेत आज हजारो प्रौढ माणसे असे घोडेस्वार विकत घेतात, त्यांना बारीक कुंचल्याने रंगवतात, त्यांची डोकी आणि हात बदलून त्यांची निराळी पलटण बनवतात आणि मग मोठ्या मेजावर मांडून वॉटर्लूची किंवा बोरोडिनोची लढाई नियमानुसार पुन्हा खेळतात.

हा पोरखेळ आहे, असे कोणी म्हणेल. माझे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. त्या शिक्षणाने मला एक सवय लावली. कोणतीही वस्तू हाती आली की, ती कोणी केली, किती वेळात केली आणि त्याला काय मिळाले, हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. हेच प्रश्न या घोडेस्वाराला विचारले, तर तो युद्धाचा, श्रमाचा आणि फुरसतीचा असा तिहेरी इतिहास सांगू लागतो. तो ऐकण्यासारखा आहे, असे मला वाटते.

आरंभ जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरापासून करावा लागेल. कथलाचे ओतकाम करणारे कारागीर तेथे पूर्वीपासून होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात योहान गोटफ्रीड हिल्पर्ट नावाच्या ओताऱ्याने कथलाचे चपटे सैनिक मोठ्या प्रमाणावर करण्यास प्रारंभ केला. प्रशियाचा राजा फ्रेडरिक याच्या लढायांची तेव्हा घरोघर चर्चा होती, आणि त्याच्या सैन्याचे पुतळे हातोहात खपत. हे पुतळे पत्र्यासारखे पातळ असत. पाटीच्या दगडाच्या दोन तुकड्यांवर आकृती उलटी कोरावयाची, तुकडे एकमेकांवर घट्ट बसवून त्यांत वितळलेला धातू ओतावयाचा आणि थंड झाल्यावर पुतळा बाहेर काढावयाचा, अशी ती रीत. कोरक्याचे कसब असे की, घोड्याच्या मानेवरची आयाळ आणि स्वाराच्या अंगरख्यावरची गुंडी, दोन्ही दगडात उतरत.

पुढे १८३९ साली एर्न्स्ट हाइनरिखसन याने त्याच शहरात आपला कारखाना काढला आणि १८४८ च्या सुमारास पायदळी सैनिकाची उंची ३० मिलिमीटर ठरवून टाकली. ही गोष्ट दिसावयास लहान, परंतु तिचा परिणाम मोठा झाला. माप एक झाल्यामुळे निरनिराळ्या ठिकाणी ओतलेले सैन्य एकाच मेजावर मांडता येऊ लागले. पुतळे पातळ लाकडाच्या डब्यांतून वजनावर विकले जात.

आता आमचा पहिला प्रश्न. कोरक्याचे नाव राहिले, मालकाचे नाव राहिले. पण रंग कोणी दिला? रंगकाम बव्हंशी कारखान्यात होत नसे. ते घरी नेले जाई. शहरातल्या आणि आसपासच्या गरीब कुटुंबांतल्या बायका आणि मुले स्वयंपाकघरातल्या मेजावर, दिव्याच्या उजेडात हे पुतळे रंगवीत, आणि मजुरी नगावर मिळे. जे चिमुकले सैन्य श्रीमंताच्या मुलाला नाताळात भेट म्हणून जाई, ते त्याच्याच वयाच्या दुसऱ्या एखाद्या मुलाच्या हातून रंगून आलेले असे. ही अतिशयोक्ती नव्हे. घरी बसून केल्या जाणाऱ्या मुलांच्या कामावर निर्बंध घालण्यासाठी जर्मनीला १९०३ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि खेळण्यांचा धंदा हा या प्रकारच्या श्रमाचा ठळक नमुना होता.

याच सुमारास खेळण्याला गंभीर रूपही येत होते. ब्रेस्लाउ येथील राइसविट्झ या सरदाराने १८१२ साली प्रशियाच्या राजापुढे युद्धाच्या खेळाचे एक मेज सादर केले. त्याचा मुलगा तोफखान्यात लेफ्टनंट होता. त्याने १८२४ साली नकाशा, ठोकळे आणि फासे घेऊन खेळावयाच्या या खेळाचे पक्के नियम छापले. प्रशियाच्या लष्कराचा मुख्य अधिकारी म्युफ्लिंग याने तो पाहिला आणि हा खेळ नसून युद्धाचे शिक्षण आहे, असा निर्वाळा देऊन पलटणींना त्याची शिफारस केली. हाच म्युफ्लिंग १८१५ साली वॉटर्लूच्या रणांगणावर वेलिंग्टनपाशी प्रशियाचा प्रतिनिधी म्हणून उभा होता. बिचाऱ्या तरुण राइसविट्झला मात्र आपल्या कल्पनेचे फळ मिळाले नाही. १८२७ साली त्याने आत्महत्या केली. ज्याने युद्धातल्या दैवाला फाशांच्या नियमात बसवले, त्याच्यावर स्वतःच्या दैवापुढे हरण्याची पाळी यावी, ही खेदाची गोष्ट होय.

आता इंग्लंडकडे वळू. वेलिंग्टन हे नाव आपल्याला परके नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आपल्या जालना जिल्ह्यातील असईच्या मैदानावर शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला तो आर्थर वेलस्ली हाच. वॉटर्लू जिंकून आल्यावरही, आयुष्यातली आपली सर्वांत चांगली कामगिरी कोणती असे विचारले असता त्याने असईचेच नाव घेतल्याचे प्रसिद्ध आहे. या वेलिंग्टनला एका विलक्षण माणसाशी सामना द्यावा लागला आणि त्या सामन्यातली हत्यारे होती कथलाचे पुतळे.

त्या माणसाचे नाव विल्यम सायबोर्न. तो लष्करात लेफ्टनंट होता. १८३० साली त्याला वॉटर्लूच्या लढाईची प्रतिकृती तयार करण्याचे काम देण्यात आले. त्याने ते ज्या निष्ठेने केले, तिला तोड नाही. रणांगणावरच्या ला ये सेंत या शेतवाडीत तो आठ महिने राहिला आणि त्याने सगळी जमीन मोजून काढली. नंतर लढाईत हजर असलेल्या अधिकाऱ्यांना त्याने पत्रे पाठवली. सायंकाळी सातच्या सुमारास तुमची पलटण कोठे होती? समोर शत्रू कोणता होता? शेतात कोणते पीक होते? अशी त्याची विचारणा असे. इतिहासलेखनासाठी लढाईत भाग घेतलेल्या इतक्या माणसांची साक्ष अशा पद्धतीने गोळा करण्याचा उपक्रम त्या काळी नवाच होता. सरकारने पुढे पैसा देण्याचे नाकारले. सायबोर्न कर्जात बुडाला, पण त्याने काम सोडले नाही. १८३८ साली सुमारे ७५ हजार चिमुकल्या पुतळ्यांची ती प्रतिकृती लंडनमध्ये लोकांपुढे मांडली गेली. आज ती लंडनच्या राष्ट्रीय लष्करी संग्रहालयात आहे.

भांडण उद्भवले ते प्रशियन सैन्यावरून. साक्षी-पुरावे ताडून सायबोर्नने प्रशियनांना निर्णायक घटकेला मैदानात पुष्कळ आत आलेले दाखवले होते. वेलिंग्टनला आणि त्याच्या भोवतालच्या मंडळींना ते रुचले नाही. कारण विजयाचा वाटा त्यामुळे दुसऱ्याकडे जात होता. दडपण आले, वाद झाला आणि अखेरीस प्रशियनांचे पुष्कळसे पुतळे मेजावरून उचलले गेले. श्रोतेहो, पुतळे उचलण्याची ही गोष्ट आपण नीट ध्यानात ठेवावी. ग्रंथातले वाक्य खोडले तर खाडाखोड दिसते. मेजावरचा पुतळा उचलला की तेथे हिरवे गवत दिसते, आणि येथे कोणी माणूस उभा होता याची खूणही उरत नाही. इतिहासातून कामकरी माणूस असाच उचलला गेलेला आहे.

यानंतरचा टप्पा १८९३ चा. लंडनच्या विल्यम ब्रिटन या कनिष्ठाने शिशाचा सैनिक पोकळ ओतण्याची युक्ती काढली. वितळलेला मिश्रधातू साच्यात ओतावयाचा. साच्याला लागलेला थर लगेच गोठतो. त्याच क्षणी साचा उलटा करून आतला पातळ धातू बारीक छिद्रावाटे बाहेर काढावयाचा. उरते ते नुसते कवच. धातू वाचला, वजन घटले, किंमत उतरली, आणि जर्मन मालाने व्यापलेल्या इंग्लंडच्या बाजारात ब्रिटन कंपनीने आपले पाय रोवले. या कंपनीचा पहिला संच राजाच्या अंगरक्षक घोडदळाचा होता. साचा उलटा करण्याचा क्षण ओतणाऱ्याच्या मनगटाला कळावा लागतो. एक क्षण उशीर झाला तर पुतळा भरीव होतो, एक क्षण लवकर झाला तर घोड्याचा पाय मोडतो. पेटंट मालकाच्या नावावर असते; मनगट ओताऱ्याचे असते. रंगकाम येथेही आरंभी घरी काम नेणाऱ्यांकडे आणि पुढे कारखान्यात बव्हंशी स्त्रिया आणि मुलींकडे राहिले.

याच पुतळ्यांनी प्रसिद्ध लेखक एच. जी. वेल्स आपल्या दिवाणखान्यात खेळत असे. १९१३ साली त्याने या खेळाच्या नियमांचे एक पुस्तक छापले. एका डावात पायदळाने एक फूट चालावे, घोडदळाने दोन फूट, असा त्याचा नियम. त्याचे म्हणणे असे की, ज्यांना लढाईची हौस आहे त्यांनी ती जमिनीवर शिशाच्या सैनिकांनी भागवावी; त्यात कोणाचे घर जळत नाही आणि कोणाचा मुलगा मरत नाही. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले, आणि हाच वेल्स ते युद्ध म्हणजे युद्धाचा अंत करणारे युद्ध आहे असे प्रतिपादन करू लागला. लहान युद्ध मोठ्या युद्धाला आवरू शकले नाही. तेव्हा खेळाने शांतता येते, असा दावा मी करणार नाही. त्याचबरोबर खेळामुळेच युद्धे होतात, हेही मला पटत नाही. युद्धे कोठे शिजतात हे आपण जाणताच. ते ठिकाण मुलांचा दिवाणखाना नव्हे.

दुसऱ्या महायुद्धानंतर या छंदाला आजचे रूप आले. अमेरिकेत जॅक स्क्रबी याने १९५० नंतरच्या दशकात खास या खेळासाठी स्वस्त पुतळे ओतले आणि १९५७ साली छंदिष्टांसाठी एक नियतकालिक काढले. इंग्लंडात डोनाल्ड फेदरस्टोन याने १९६२ साली या खेळावर लिहिलेले पुस्तक पुष्कळांचे पहिले पाठ्यपुस्तक ठरले. हा फेदरस्टोन कोणी सेनापती नव्हता. महायुद्धात तो रणगाड्यांच्या पलटणीत होता, आणि नंतर साउदॅम्प्टनच्या फुटबॉल संघात खेळाडूंच्या दुखऱ्या स्नायूंवर उपचार करीत असे. १९५९ पासून एअरफिक्स कंपनीने मऊ प्लास्टिकचे अगदी लहान सैनिक डबी भरून बाजारात आणले आणि पुढील दहा-बारा वर्षांत वॉटर्लूचे फ्रेंच आणि इंग्रज घोडदळही त्यांत आले. आता मजुराच्या मुलालाही खाऊच्या पैशांतून पलटण उभी करता येऊ लागली.

येथून पुतळ्याचे रूपांतर करण्याची कला बहरली, आणि तिच्या मुळाशी गरज होती. बाजारात चार-सहा प्रकारचेच स्वार मिळत, आणि नेपोलियनच्या घोडदळात तर प्रकारांची रेलचेल. छातीवर पोलादी कवच घालणारे क्युरासियर, एका खांद्यावर झालरीचा अंगरखा लटकवणारे हुसार, हिरव्या कोटातले ड्रॅगून, भालाईत लान्सर. मग माणसे काय करीत? एका पुतळ्याचे डोके धारदार पात्याने कापावयाचे, मानेत टाचणीचा तुकडा रोवावयाचा आणि त्यावर दुसऱ्याचे डोके बसवावयाचे. प्लास्टिकचा हात तापल्या सुईने वाकवावयाचा. शिशाच्या घोड्याची मान हळूहळू, न मोडता वळवावयाची, म्हणजे एका साच्यातले दहा घोडे दहा तऱ्हांचे दिसतात. जेथे खाच राहील तेथे दोन भाग एकत्र मळल्यावर घट्ट होणारी लांबी भरावयाची आणि ती ओली असतानाच सुईच्या टोकाने तीत आयाळ किंवा झालर कोरावयाची.

एक उदाहरण देतो. हाती ड्रॅगूनचा पुतळा आहे आणि हवा आहे लान्सर. दोघांचाही कोट हिरवा, शिरस्त्राण पितळी. ड्रॅगूनच्या शिरस्त्राणामागे घोड्याच्या केसांचा झुपका लोंबतो. तो कापून टाकावयाचा आणि माथ्यावर लांबीने काळ्या केसाळ सुरवंटासारखा तुरा उभारावयाचा. तलवारीच्या जागी तारेचा भाला आणि त्याला लाल-पांढरे निशाण. झाला लान्सर! यातली गंमत अशी की, नेपोलियनने स्वतः हेच केले होते. लान्सरांचा प्रताप १६ मे १८११ रोजी स्पेनमधील आल्बुएराच्या लढाईत दिसला. पोलिश भालाइतांनी इंग्रजांचे पायदळ मोकळ्यावर गाठून त्याची दाणादाण उडवली. त्याच वर्षी नेपोलियनने ड्रॅगूनांच्या सहा पलटणी भालाइतांत बदलल्या. माणसे तीच, घोडे बहुतेक तेच. डोक्यावरचा तुरा आणि हातातले हत्यार तेवढे बदलले. मेजावरचा छंदिष्ट चाकूने जे करतो, ते सम्राटाने हुकमाने केले. फरक इतकाच की, सम्राटाच्या रूपांतरात हात मोडले ते खरे.

रंगकामातही हाच अभ्यास लागतो. प्रथम कानशीने साच्याची रेघ घासून काढावयाची, मग अस्तर द्यावयाचे, मग मोठे रंग आणि शेवटी गुंड्या. क्युरासियरांच्या पहिल्या बारा पलटणींचे कोट निळे. पण १८१२ च्या सुमारास पहिल्या तिघींची गळपट्टी लाल, पुढच्या तिघींची नारिंगी, त्यापुढच्या तिघींची पिवळी आणि शेवटच्या तिघींची गुलाबी असे. रणशिंग फुंकणाऱ्याचा कोट बाकीच्यांहून निराळ्या रंगाचा आणि त्याचा घोडा सहसा पांढुरका. कारण धुरात सेनानायकाला तो चटकन सापडावा. घोडे सगळे एका रंगाचे रंगवणारा माणूस नवखा समजावा. बहुतेक घोडे तांबूस-तपकिरी, ज्यांना आपले जुने लोक कुमैत म्हणत, ते असतात. मधूनच एखादा काळा, एखादा कपाळावर टिळा आणि चारही पाय पांढरे असलेला पंचकल्याणी. जुन्या पुतळ्यांतले घोडे पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून हवेत उडताना दिसतात. तसा घोडा कधी धावतच नाही. हे १८७८ साली मायब्रिज याने कॅलिफोर्नियात धावत्या घोड्याची ओळीने छायाचित्रे घेतली तेव्हा सिद्ध झाले. चारही पाय जमिनीवरून सुटतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. घोड्यांच्या चित्रांसाठी मेणाचे घोडे घडवून अभ्यास करणारा थोर फ्रेंच चित्रकार मेसोनिए यालाही या छायाचित्रांपुढे विचारात पडावे लागले. शेकडो वर्षे माणसाने घोड्यावर बसून साम्राज्ये मिळवली, आणि घोडा धावतो कसा हे त्याला ठाऊक नव्हते!

आणि येथे मी माझ्या मुख्य मुद्द्यापाशी येतो. मेजावरच्या खेळात एक पुतळा वीस-तीस स्वारांच्या जागी मानला जातो. स्वार दिसतो, घोडा दिसतो. पण त्याला उभे ठेवणारे हात दिसत नाहीत. खरारा करणारा मोतद्दार, खोगीर शिवणारा, चारा आणणारा आणि नालबंद, यांचा पुतळा सहसा कोणी रंगवीत नाही. नेपोलियनच्या घोडदळाचा शेवट मात्र नेमका यांच्याच अभावी झाला.

१८१२ च्या जूनमध्ये त्याचे सैन्य नीमेन नदी ओलांडून रशियात शिरले. घोडदळ, तोफखाना आणि सामानाच्या गाड्या यांचे मिळून दीड लाखाहून अधिक घोडे त्या मोहिमेत गेले. रशियाच्या थंडीने नेपोलियनला हरवले, असे आपण शाळेत शिकतो. परंतु हजारो घोडे उन्हाळ्यातच मेले होते. जूनच्या अखेरचा वादळी पाऊस, ओला हिरवा चारा, दाण्याचा तुटवडा आणि न थांबता चाल, यांनी थंडीच्या आधीच काम केले. परतीच्या वाटेवर बर्फ लागले. बर्फावर चालण्यासाठी टोकदार खिळ्यांचे नाल लागतात. ते बहुतेक घोड्यांना नव्हते. सम्राटाचा अश्वाधिकारी कोलांकूर याने आपल्या ताब्यातल्या शाही घोड्यांना वेळीच तसे नाल ठोकून घेतले होते, आणि उरलेल्या फौजेच्या नालांची हयगय घोड्यांना कशी भोवली हे त्याने आपल्या आठवणींत नोंदवून ठेवले आहे. अखेरीस अशी वेळ आली की, ज्या अधिकाऱ्यांपाशी घोडे उरले होते त्यांचीच एक तुकडी बनवून ती सम्राटाच्या रक्षणासाठी ठेवावी लागली. कर्नल आणि कप्तान साध्या स्वारांच्या जागी उभे राहिले.

पुढल्या वर्षी, १८१३ च्या मे महिन्यात, नेपोलियनने ल्युत्सेन आणि बाउत्सेन या दोन्ही लढाया जिंकल्या, पण हरलेल्या शत्रूचा पाठलाग करावयास त्याच्यापाशी पुरेसे घोडदळ नव्हते. पोरांना पकडून आणून चार महिन्यांत पायदळ उभे करता येते. घोडा वाढावयास वर्षे लागतात आणि स्वार तयार होण्यासही. विजय मिळाला तो पचवता आला नाही, आणि ऑक्टोबरात लाइपझिगला त्याचा पराभव झाला. कुशल माणूस एका रात्रीत तयार होत नाही, ही गोष्ट आमच्या गिरण्या-कारखान्यांतल्या मालकांना आम्ही जन्मभर सांगत आलो. सम्राटालाही ती वेळेवर उमगली नाही.

मग १८१५ साली १८ जून रोजी, दुपारी चारच्या सुमारास मार्शल ने याने वॉटर्लूच्या चढावर इंग्रजांच्या चौकोनी व्यूहांवर घोडदळ सोडले. वाढत वाढत सुमारे नऊ हजार स्वार त्यात ओढले गेले. पुन्हा पुन्हा ते चढले. व्यूह फुटले नाहीत. चित्रकारांना हा प्रसंग फार आवडतो आणि छंदिष्टांनाही. पण जो माणूस ही पलटण एकेक स्वार करून वर्षभर रंगवतो, त्याला एक गोष्ट समजते, जी घाईने इतिहास वाचणाऱ्याला समजत नाही. एक स्वार उभा करावयास किती वेळ लागतो, आणि मेजावरून तो उचलावयास किती थोडा! त्याने तीस रात्री घालवलेली तुकडी फाशाच्या एका दानात बाद होते. हा धडा हाताने शिकलेला असतो, म्हणून तो पक्का बसतो.

आता शेवटचा प्रश्न, जो मला सर्वांत जवळचा आहे. न्यूरेंबर्गची बाई दिव्यापाशी बसून कथलाचा घोडा रंगवीत होती. आजचा इंग्रज पोस्टमन किंवा शिक्षक रात्री दिव्यापाशी बसून तसाच घोडा रंगवतो. कुंचला तोच, घोडा तोच, पाठ दुखते तीही तीच. मग एकीचे ते शोषण आणि दुसऱ्याचा तो आनंद, असे का?

याचे उत्तर घोड्यात नाही. वेळ कोणाच्या मालकीचा आहे यात आहे. बाईला किती घोडे, कोणत्या रंगाचे, कधीपर्यंत, हे दुसरा ठरवीत होता आणि तिला घाई करावी लागत होती. कारण नगावर चूल पेटत होती. पोस्टमन स्वतः ठरवतो. त्याला गुंडीच्या रंगासाठी तीन दिवस ग्रंथ धुंडाळावासा वाटला, तर तो धुंडाळतो. परंतु हा वेळ त्याला कोणी दान दिलेला नाही. दिवसाचे आठ तास काम, आठ तास झोप आणि आठ तास आपल्या मर्जीचे, ही मागणी रॉबर्ट ओवेनच्या काळापासून चालत आली. मेलबर्नच्या गवंड्यांनी १८५६ साली आठ तासांचा दिवस मिळवला. १९०६ साली बर्लिनला आणि लंडनला, घरी बसून नगावर राबणाऱ्या माणसांच्या कामाची प्रदर्शने भरली, तेव्हा सुखवस्तू लोकांनी आपण वापरीत असलेल्या वस्तूंची खरी किंमत प्रथम पाहिली. त्यातून १९०९ साली इंग्लंडात काही धंद्यांना किमान वेतनाचा कायदा लागू झाला, आणि १९१० साली क्रॅडली हीथच्या साखळ्या घडवणाऱ्या बायकांनी मेरी मॅकआर्थरच्या नेतृत्वाखाली संप करून तो कायदा अमलात आणविला. १९१९ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या पहिल्याच कराराने आठ तास मान्य केले. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे मुंबईच्या गिरणी कामगाराला १८९० साली रविवारची सुटी मिळाली, आणि १९४८ च्या कारखाने कायद्याने अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा पक्का केला. छंदाचे मेज या लढ्यांच्या पायांवर उभे आहे. ज्याला सुटी नाही, त्याला छंद नाही.

ही गोष्ट जुनी झाली, असे मात्र कोणी समजू नये. आज या पुतळ्यांतले पुष्कळसे कठीण प्लास्टिकचे किंवा शिशाविरहित मिश्रधातूचे असतात. ओतणाऱ्याच्या आणि रंगवणाऱ्याच्या शरीरात शिसे जाण्याचे भय तेवढे कमी झाले, हे चांगलेच आहे. पण ज्यांना सैन्य हवे आणि रंगवावयास सवड नाही, ते पैसे देऊन रंगवून घेतात, आणि असे काम श्रीलंकेसारख्या देशांतही होते. म्हणजे कुंचला पुन्हा मजुरीच्या हाती गेला. त्यात गैर काही नाही. मजुरी रास्त असली, नग नाकारण्याचे कारण लिहून दिले गेले आणि डोळ्यांना विसावा मिळाला, तर रंगकाम हा उत्तम धंदा आहे. ती अट पाळली जाते की नाही, हे विचारणारे कोणी तरी हवे. सोलापूर-अहिल्यानगरच्या विडी कामगार भगिनींना ही अट चांगली ठाऊक आहे. हजार विड्या वळावयाच्या आणि ठेकेदाराने मूठभर ‘छाट’ म्हणून बाजूला काढून त्यांचे पैसे कापावयाचे, आणि त्याच विड्या नंतर विकावयाच्या! १९६६ साली विडी कामगारांचा कायदा झाला तो याच अनुभवातून. घरी बसून काम करणारा कामगार हा मेजावरून उचललेल्या पुतळ्यासारखा असतो. तो असतो, पण मोजला जात नाही.

आपल्याकडे दिवाळीत मुले अंगणात किल्ला करतात. कुंभारवाड्यातून मावळे येतात, घोडेस्वार येतात, तोफा येतात. फेट्याचा लाल रंग थोडा गालावरही आलेला असतो. वाड्यातली पोरे घोडेस्वाराचा मोडलेला पाय मातीने जोडतात, भाल्याच्या जागी खराट्याची काडी लावतात. म्हणजे रूपांतराची कला शिकावयास आपल्याला इंग्लंडला जावे लागत नाही. त्या मुलांना मी एवढेच सांगेन की, किल्ल्यावर एक कुंभार, एक लोहार आणि एक नालबंदही बसवा. इतिहास त्यामुळे अधिक खरा होईल, आणि किल्लाही पडणार नाही.

वडीलधाऱ्यांसाठीही तेवढेच सांगणे आहे. माणसाला पोटापुरते मिळाले की भागले, असे मानणारे अर्थशास्त्र अपुरे आहे. दिवसभर दुसऱ्याच्या साच्यात ओतला गेलेला माणूस रात्री तासभर आपला साचा आपण मोडतो, एखाद्या घोड्याची मान आपल्या मर्जीने वळवतो, तेव्हा तो आपले माणूसपण शाबूत ठेवीत असतो. तो तास प्रत्येकाच्या वाट्याला यावा, रंगवणाऱ्या पोस्टमनच्या आणि विडी वळणाऱ्या बाईच्याही, एवढ्यासाठी आमची संघटना.